मुळगावातून मध्यस्थीच्या व्यवसायाकडे

डिचोली आणि पेडणे तालुक्यांतले तंटे बहुधा ओळखीच्या माणसांमधले असतात. भाऊ-भाऊ, काका-पुतणे, भाटकार आणि पिढ्यान्‌पिढ्या त्याच्या भाटात राहणारा मुंडकार, शेताला शेत लागून असलेले दोन शेजारी. दावा कोणीही जिंको, दुसऱ्या दिवशी ही माणसे त्याच पायवाटेने ये-जा करतात आणि त्याच देवळाच्या पालखीला खांदा देतात. न्यायालय हक्क कोणाचा ते सांगते. त्यानंतर एकमेकांशेजारी कसे राहायचे हे ठरवणे हे न्यायालयाचे काम नाही. ते ठरवायला मदत करणारा माणूस म्हणजे मध्यस्थ.

मुळगाव हे डिचोली शहराजवळचे, श्री केळबाय देवीचे गाव. शेती, कुळागरे, कोमुनिदादची जमीन, देवस्थान आणि त्यातच खनिजपट्टा, असे गोव्याच्या ग्रामीण जीवनातले जवळजवळ सगळे गुंते या एका गावात भेटतात. अशा गावात वाढलेल्या तरुण-तरुणींनी मध्यस्थी हा व्यवसाय म्हणून निवडावा, असे मला मनापासून वाटते. जमीन, नाती आणि मानपान यांची जी समज त्यांना घरात मिळते, ती शहरातल्या कोणत्याही अभ्यासक्रमात मिळत नाही. मात्र ज्या ओळखीमुळे लोक तुमच्याकडे येतील, त्याच ओळखीमुळे ते तुमच्यावर संशयही घेतील. हा पेच ज्याला सांभाळता येईल, तोच या व्यवसायात टिकेल.

मध्यस्थाचे नेमके काम

न्यायाधीश निकाल देतो. लवादही निवाडा देतो आणि तो पक्षांवर बंधनकारक असतो. मध्यस्थ यांपैकी काहीच देत नाही. दोन्ही बाजूंना एकत्र बसवणे, त्यांना बोलते करणे, प्रत्येकाला खरोखर काय हवे आहे ते उलगडणे आणि त्यांनी स्वतः काढलेल्या तोडग्याला नीट शब्दांत बसवणे, हे त्याचे काम. तडजोड करायची की नाही हा अधिकार शेवटपर्यंत पक्षांचाच राहतो.

लोकअदालत आणि मध्यस्थी यांतही फरक आहे. लोकअदालतीत एका दिवसात अनेक प्रकरणे पुढे येतात आणि तडजोडीची रक्कम किंवा अटी ठरवण्यावर भर असतो. मध्यस्थीत एकाच प्रकरणाला दोन-दोन तासांच्या चार-पाच बैठकाही लागू शकतात. गावातल्या जुन्या दहाजणांच्या बैठकीपेक्षाही ही पद्धत वेगळी आहे. तिथे मानकरी आपला निर्णय सांगत आणि गावाच्या धाकाने तो पाळला जाई. महाराष्ट्रात १५ ऑगस्ट २००७ पासून महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम राबवली गेली. गावातला तंटा गावातच मिटावा हा तिचा हेतू होता. व्यावसायिक मध्यस्थीचा हेतूही त्याच्याजवळचाच आहे, पण तिच्यात प्रशिक्षण, गोपनीयता आणि कायद्याची चौकट असते.

कायद्याने उघडलेली दारे

दिवाणी प्रक्रिया संहितेचे कलम ८९ दुरुस्त स्वरूपात १ जुलै २००२ पासून लागू झाले आणि न्यायालयांना दावे मध्यस्थीकडे पाठवण्याचा रीतसर मार्ग मिळाला. सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये मध्यस्थी व समेट प्रकल्प समिती नेमली. त्याच वर्षी चेन्नईत न्यायालयाशी जोडलेले देशातले पहिले मध्यस्थी केंद्र सुरू झाले. ते उभारण्यात पुढाकार घेणारे ज्येष्ठ वकील श्रीराम पंचू पुढे २०१९ मध्ये अयोध्या प्रकरणातल्या तीन सदस्यांच्या मध्यस्थी मंडळावरही होते. ती मध्यस्थी यशस्वी झाली नाही. पण एवढ्या मोठ्या वादातही सर्वोच्च न्यायालयाला आधी हा मार्ग चोखाळून पाहावासा वाटला, हे नव्या माणसाने लक्षात ठेवावे.

दुसरे दार व्यापारी वादांचे. व्यापारी न्यायालय कायद्यात २०१८ मध्ये कलम १२-अ आले. तीन लाख रुपये किंवा त्याहून अधिक मूल्याच्या व्यापारी वादात तातडीचा अंतरिम दिलासा मागायचा नसेल, तर दावा दाखल करण्यापूर्वी मध्यस्थीचा प्रयत्न करावाच लागतो. सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२२ मध्ये पाटील ऑटोमेशन प्रकरणात ही अट सक्तीची असल्याचे स्पष्ट केले. पेडण्याच्या किनारपट्टीचा विचार केला तर याचा अर्थ लगेच कळतो. मोरजी, मांद्रे, हरमल भागातले गेस्ट हाऊसचे भाडेकरार, भागीदारीतली रेस्टॉरंटे, बांधकाम कंत्राटदारांची थकलेली बिले यांतले अनेक वाद या कलमाखाली येऊ शकतात.

तिसरे दार ग्राहकांचे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये ग्राहक आयोगांना जोडून मध्यस्थी कक्षांची तरतूद आहे.

आणि सगळ्यांत मोठे दार म्हणजे मध्यस्थी कायदा, २०२३. त्याला १४ सप्टेंबर २०२३ रोजी राष्ट्रपतींची संमती मिळाली आणि ९ ऑक्टोबर २०२३ पासून त्यातली काही कलमे लागू झाली. मध्यस्थांची नोंदणी आणि त्यांच्या वर्तनाचे निकष यांसाठी भारतीय मध्यस्थी परिषदेची तरतूद या कायद्यात आहे. मध्यस्थी १२० दिवसांत संपवावी आणि पक्षांची संमती असेल तर आणखी ६० दिवस घ्यावेत, अशी मुदत त्यात घातली आहे. मध्यस्थीतून झालेला लेखी समझोता न्यायालयाच्या हुकूमनाम्यासारखा अंमलात आणता यावा, ही तरतूदही आहे. कायदा टप्प्याटप्प्याने लागू होत असल्याने ज्या कलमावर विसंबून काम करणार आहात ते लागू झाले आहे का, हे प्रत्येक वेळी विधी सेवा प्राधिकरणात विचारून घ्यावे.

गावपातळीवर काम करणाऱ्याने या कायद्यातली सामुदायिक मध्यस्थीची कलमे, म्हणजे ४३ आणि ४४, मुद्दाम वाचावीत. एखाद्या भागातल्या रहिवाशांमध्ये किंवा कुटुंबांमध्ये शांतता बिघडवू शकेल असा वाद तिथे तीन मध्यस्थांच्या मंडळापुढे ठेवण्याची सोय आहे. मंडळाच्या यादीत समाजात मान असलेल्या सचोटीच्या व्यक्ती, मध्यस्थीचा अनुभव असलेले लोक घेता येतात आणि स्त्रियांच्या प्रतिनिधित्वाचाही विचार करता येतो. या मार्गाने झालेला समझोता मात्र हुकूमनाम्यासारखा अंमलात आणता येत नाही. त्याचे बळ पक्षांच्या शब्दात असते. देवस्थानातला मान, उत्सवातला क्रम, विहिरीचा किंवा वाटेचा वापर अशा वादांना तो पुरेसा ठरू शकतो. जमिनीच्या मालकीला तो पुरणार नाही.

कोण होऊ शकतो?

मध्यस्थ होण्यासाठी वकील असलेच पाहिजे असे नाही. समाजकार्य, मानसशास्त्र, अभियांत्रिकी, लेखापालन, बँक, शिक्षण अशा क्षेत्रांतली माणसेही या कामात येतात. तरीही न्यायालयाच्या यादीवर जाण्याच्या अटी वेगळ्या असतात. सर्वोच्च न्यायालयाच्या सूचनेवरून न्या. एम. जगन्नाथ राव समितीने तयार केलेल्या नमुना नियमांत निवृत्त न्यायाधीश, किमान १५ वर्षे वकिली केलेले वकील आणि तेवढाच अनुभव असलेले इतर व्यावसायिक यांचा विचार केला आहे. प्रत्येक उच्च न्यायालयाचे नियम आणि वेळोवेळी निघणाऱ्या जाहिराती वेगळ्या असतात. गोव्यासाठी मुंबई उच्च न्यायालयाचे नियम लागू होतात, म्हणून चौकशी पर्वरीच्या गोवा खंडपीठाकडे आणि गोवा राज्य विधी सेवा प्राधिकरणाकडे करावी.

या क्षेत्रात सर्वमान्य पायरी म्हणजे ४० तासांचे मूलभूत प्रशिक्षण. सर्वोच्च न्यायालयाच्या समितीने हाच पाया ठरवला आहे. या चाळीस तासांत व्याख्याने कमी आणि प्रत्यक्ष सराव जास्त असतो. शिकणारेच आळीपाळीने पक्ष, वकील आणि मध्यस्थ होतात आणि प्रशिक्षक चुका दाखवतात. पण ४० तासांनी माणूस मध्यस्थ होत नाही, त्याला फक्त सुरुवात करता येते. त्यानंतर अनुभवी मध्यस्थासोबत सहमध्यस्थ म्हणून बसून काही प्रकरणे शेवटपर्यंत पाहिली पाहिजेत.

बारावी झालेल्या मुलामुलींना या वाटेवर यायचे असेल तर कायद्याची पदवी हा अजूनही सगळ्यांत सोपा पाया आहे. पणजीत मिरामार येथे व्ही. एम. साळगावकर विधी महाविद्यालय आणि मडगावात जी. आर. कारे विधी महाविद्यालय आहे. शिकत असतानाच महाविद्यालयाच्या विधी साहाय्य उपक्रमात भाग घ्या. गावात जाऊन लोकांचे म्हणणे ऐकून घेण्याची सवय तिथे लागते, आणि ती पुढे पदवीइतकीच उपयोगी पडते.

गोव्याच्या मध्यस्थाला काय ठाऊक हवे?

देशातल्या इतर भागांतली मध्यस्थीची पुस्तके वाचून गोव्यात काम करता येणार नाही. इथले कौटुंबिक आणि वारसा कायदे १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेतून आले आहेत. वारसा आणि इन्व्हेंटरी, म्हणजे वारशाच्या मिळकतीची यादी करून तिची वाटणी करण्याची कार्यवाही, यांसाठी आता २०१२ चा गोवा उत्तराधिकार, विशेष नोटरी आणि इन्व्हेंटरी कार्यवाही कायदा आहे.

यातली एक गोष्ट नीट न समजल्याने तडजोडी कोसळतात. गोव्यात लग्नापूर्वी वेगळा करार केला नसेल तर सर्वसाधारणपणे पतिपत्नीची मालमत्ता सामाईक धरली जाते, आणि वारशाने आलेली मिळकतही त्यात येते. म्हणून तीन भाऊ आणि एक बहीण यांच्या वाटणीत टेबलाभोवती चार माणसे बसवून भागत नाही. सुनांचे आणि जावयाचेही ऐकून घ्यावे लागते, कारण त्यांच्या सह्यांशिवाय स्थावर मालमत्तेची तडजोड पक्की होत नाही. लग्न होऊन गेलेल्या मुलीचा हिस्सा मुलाइतकाच असतो. ‘तिला काही नको, ती सही देईल’ असे कोणी परस्पर सांगत असेल, तर मध्यस्थाने ते वाक्य तिच्या तोंडून, तिच्या नवऱ्यादेखत आणि नंतर एकटीकडूनही ऐकल्याशिवाय पुढे जाऊ नये.

दुसरी तयारी कागदांची. एक-चौदा उतारा, सर्व्हे नकाशा, जुने पोर्तुगीज काळातले नोंदणी दाखले, सक्सेशन डीड, म्युटेशनच्या नोंदी हे सगळे वाचता आले पाहिजे. मध्यस्थाने हक्क ठरवायचा नसतो हे खरे, पण ज्या जमिनीच्या नोंदीवर सातच नावे आहेत ती नऊजणांत वाटून देण्याचा समझोता लिहिला, तर सब-रजिस्ट्रारच्या कचेरीत तो अडकणारच.

तिसरी तयारी जमिनीच्या प्रकारांची. मुंडकाराच्या घराला १९७५ च्या कायद्याचे आणि कुळाला १९६४ च्या कृषी कूळ कायद्याचे व त्यातल्या पुढच्या दुरुस्त्यांचे संरक्षण आहे. भाटकार आणि मुंडकार यांच्यात तडजोड घडवताना मुंडकाराला त्याचे हे हक्क माहीत आहेत ना, याची खात्री करावी. अज्ञानातून दिलेली संमती ही संमती नव्हे. कोमुनिदादची जमीन असेल तर कोमुनिदादच्या संहितेप्रमाणे पुढची प्रक्रिया लागते. दोन कुटुंबांनी आपसांत काहीही ठरवले तरी तिसऱ्याच्या मालकीची जमीन त्यांना वाटून घेता येत नाही.

आणि भाषा. कोकणीत भांडलेली माणसे समझोत्याचा मसुदा मराठीत वाचतात आणि त्याची नोंद इंग्रजीत होते. प्रत्येक अट तिन्ही ठिकाणी एकच अर्थ देते का, हे तपासणे मध्यस्थाचे काम आहे. पक्ष ज्या भाषेत घरी बोलतात त्या भाषेत शेवटचा मसुदा मोठ्याने वाचून दाखवावा आणि मगच सह्या घ्याव्यात.

बैठक कशी चालवावी?

समजा, एका कुटुंबाचे जुने घर, एक कुळागर आणि थोडी शेतजमीन आहे. थोरला भाऊ गावात राहून सुपारी-नारळ सांभाळतो. धाकटा म्हापशाला नोकरीला आहे आणि त्याला फ्लॅटसाठी पैसे हवे आहेत. मधला आखाती देशात आहे. बहीण साखळीला दिली आहे. थोरला म्हणतो, कुळागर माझे. धाकटा म्हणतो, सगळे विकून चार भाग करा. बहीण म्हणते, मला घरातला हिस्सा पाहिजे.

पहिल्या संयुक्त बैठकीत मध्यस्थ आपली भूमिका सांगतो. मी निकाल देणार नाही, इथे बोललेले बाहेर जाणार नाही, कोणालाही कधीही उठून जाता येईल. मग प्रत्येकाला न अडवता बोलू देतो. मधला भाऊ व्हिडिओवरून सहभागी होतो. २०२३ च्या कायद्याने ऑनलाइन मध्यस्थीला जागा दिली आहे. कुटुंबात कोणी आधी बोलायचे यालाही मान असतो, म्हणून तो क्रम आधी विचारून घ्यावा.

त्यानंतर स्वतंत्र बैठका. खरे काम इथे होते. एकटे बसल्यावर थोरला सांगतो की कुळागर विकले तर या वयात करायचे काय, ही त्याची भीती आहे. धाकट्याला जमीन नकोच आहे, बँकेच्या हप्त्याची तारीख त्याला छळते आहे. आणि बहिणीचे म्हणणे असे, की आईवडील गेल्यावर चवथीला माहेरी यायला हक्काची खोली राहिली नाही. गणपती या घरात बसतो, आणि माटोळी बांधताना आपण पाहुणे म्हणून उभे राहतो, हे तिला सलते. मागणी घराच्या हिस्स्याची होती, गरज वेगळी होती.

इथून तोडग्याचे पर्याय सुचू लागतात आणि ते पक्षांकडूनच सुचले पाहिजेत. थोरल्याने कुळागर ठेवावे आणि धाकट्याला ठरलेल्या हप्त्यांत पैसे द्यावेत. घर सामाईक ठेवून चवथीचा खर्च आणि खोल्यांचा वापर लिहून घ्यावा. शेतजमीन मधल्याच्या आणि बहिणीच्या नावे करावी. मध्यस्थाने इथे प्रश्न विचारायचे: हप्ता चुकला तर? घराचे छप्पर कोसळले तर दुरुस्ती कोणाची? पंपाच्या विजेचे बिल कोण भरणार? थोरल्याच्या मुलांना ही व्यवस्था मान्य आहे का? तडजोड झाली नाही तर इन्व्हेंटरीला किती वर्षे आणि किती खर्च लागेल, हे प्रत्येकाने आपल्या वकिलाला विचारले आहे का?

शेवटी मसुदा. सर्व्हे क्रमांक, क्षेत्र, चतुःसीमा, वाटेची रुंदी, पैशाच्या तारखा, मुद्रांक शुल्क कोण भरणार, म्युटेशनसाठी अर्ज कोण करणार हे सारे त्यात हवे. ‘सामोपचाराने वागावे’ असली वाक्ये मसुद्यात नकोत, ती पुढच्या भांडणाचे बीज ठरतात. सही करण्यापूर्वी प्रत्येकाला आपला वकील दाखवून घ्यायला वेळ द्यावा.

ओळखीच्या गावात निःपक्ष राहणे

मुळगावसारख्या गावात मध्यस्थ म्हणून बसलात तर दोन्ही पक्षांपैकी कोणीतरी तुमच्या वांगडातले, शाळेतले किंवा सोयऱ्यांतले निघणारच. त्यावर उपाय एकच: पहिल्या बैठकीपूर्वी सगळे सांगून टाकणे. नाते, पूर्वीचा पैशाचा व्यवहार, एकाच देवस्थानाचे महाजनपद, निवडणुकीत केलेले काम, काहीही लपवू नये. दोन्ही पक्षांनी लेखी मान्यता दिली तरच पुढे जावे. जवळचे नाते असेल तर मान्यता मिळाली तरी प्रकरण दुसऱ्याकडे द्यावे. यासाठी पेडणे, बार्देश, सत्तरी, तसेच सीमेपलीकडच्या दोडामार्ग आणि सावंतवाडीतल्या मध्यस्थांशी ओळख ठेवावी. त्यांची प्रकरणे तुम्ही घ्यावीत, तुमची त्यांनी.

दुसरे पथ्य गोपनीयतेचे. कायद्यानेच मध्यस्थीतले बोलणे गोपनीय ठरवले आहे आणि ते पुढे न्यायालयात पुरावा म्हणून वापरता येत नाही. पण गावात कायद्यापेक्षा मोठी कसोटी म्हणजे नाक्यावरचे हॉटेल आणि लग्नाच्या पंगती. ‘त्या घराचे काय झाले?’ या प्रश्नाला तुमचे उत्तर नेहमी एकच हवे: मला सांगता येणार नाही. घरच्या माणसांनाही हेच. एका कुटुंबाची एक गोष्ट बाहेर फुटली की त्या तालुक्यात तुमचा व्यवसाय संपला असे समजा.

तिसरे, राजकारण. पंचसदस्य किंवा पक्षाचा कार्यकर्ता होणे आणि मध्यस्थ होणे हे एकाच वेळी जमत नाही. दोन्हींपैकी एक निवडावे.

जिथे हात घालू नये

घरात मारहाण होत असेल आणि स्त्री नवऱ्यासमोर मोकळेपणाने बोलू शकत नसेल, तर त्या टेबलावर समानता नसते. अशा प्रकरणात आधी संरक्षण अधिकारी, पोलीस आणि न्यायालय. मध्यस्थी तिच्या इच्छेने, तिच्या सुरक्षिततेची सोय झाल्यावर आणि न्यायालयाने पाठवली तरच करावी. लैंगिक अत्याचार आणि गंभीर गुन्हे गावात मिटवण्याचा आग्रह कोणीही केला तरी त्याला ठाम नकार द्यावा.

मध्यस्थी कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात मध्यस्थीयोग्य नसलेल्या वादांची यादी आहे. गुन्ह्यांचे खटले, राष्ट्रीय हरित लवादापुढची प्रकरणे, भूसंपादन आणि त्याची भरपाई असे विषय त्यात येतात. डिचोली आणि पेडण्याच्या माणसाला हे फार जवळचे आहेत. मोपा विमानतळासाठी पेडण्यात जमिनी गेल्या. इकडे डिचोली, बोर्डे, लामगाव, मुळगाव, मये आणि शिरगाव या भागांतला खनिज ब्लॉक लिलावात गेला, आणि घरे, देवळे व शेतजमीन खाण लीजमधून वगळावी ही मुळगावकरांची मागणी आहे. एका बाजूला मोठी कंपनी आणि सरकार, दुसऱ्या बाजूला ग्रामस्थ, आणि मध्ये कायद्याने ठरवायचे हक्क, असा वाद एकट्या मध्यस्थाने आपल्या टेबलावर घेऊ नये. ट्रकांच्या फेऱ्यांची वेळ, धुळीसाठी पाणी मारणे, वाहतुकीचा रस्ता अशा मर्यादित, रोजच्या प्रश्नांवर दोन्ही बाजूंनी मागणी केली तर संवाद घडवता येईल. त्या संवादातून ग्रामस्थांचा न्यायालयात जाण्याचा हक्क कणभरही कमी होणार नाही, हे आधी लिहून घ्यावे.

पोटापाण्याचे काय?

स्पष्ट सांगायचे तर पहिली काही वर्षे केवळ मध्यस्थीवर घर चालणार नाही. न्यायालयाने पाठवलेल्या प्रकरणांत मध्यस्थाला प्रकरणागणिक ठरावीक मानधन मिळते आणि ते बेताचे असते. व्यापारी वादांत स्थिती बरी आहे. दावापूर्व मध्यस्थीच्या २०१८ च्या नियमांत वादाच्या मूल्यावर शुल्क ठरवले आहे: ३ ते १० लाखांच्या वादाला १५,००० रुपये, १० ते ५० लाखांपर्यंत ३०,०००, १ कोटीपर्यंत ४०,०००, ३ कोटींपर्यंत ५०,००० आणि त्यापुढे ७५,००० रुपये. हे शुल्क दोन्ही पक्षांनी समान भरायचे असते. खासगी मध्यस्थीत शुल्क आपसांत ठरते. तिथेही ते दोन्ही बाजूंकडून सारखेच घ्यावे, बैठकीच्या किंवा तासाच्या हिशेबाने घ्यावे आणि आधी लिहून द्यावे. तडजोड झाली तरच पैसे, किंवा मिळकतीच्या किमतीवर टक्केवारी, अशी बोली कधीही करू नये. त्यात मध्यस्थाचा स्वार्थ तोडग्यात गुंततो आणि तो जमिनीचा दलाल होऊन बसतो.

म्हणून वकिली, शिक्षकी, सर्वेक्षण, लेखापालन, समुपदेशन यांपैकी एखादा पाया हातात ठेवूनच या वाटेला लागावे. नोकरीतून निवृत्त झालेले शिक्षक, बँक अधिकारी, महसूल खात्यातले कर्मचारी यांना तर ही दुसरी कारकीर्द चांगली साधेल. फक्त हुद्द्याचा आवाज घरी ठेवून यावे लागेल.

सुरुवात या क्रमाने करा

पहिल्या सहा महिन्यांत डिचोली किंवा पेडण्याच्या तालुका विधी सेवा समितीत जाऊन निमविधी स्वयंसेवक म्हणून काम करता येईल का, ते विचारा. त्या कामातून प्राधिकरणाची ओळख होते आणि लोकांचे प्रश्न समोर येतात. त्याच काळात मध्यस्थी कायदा, वारसा व इन्व्हेंटरी कायदा आणि मुंडकार कायदा मुळातून वाचून काढा.

पुढे ४० तासांचे प्रशिक्षण घ्या. खासगी संस्थेचे प्रशिक्षण घेणार असाल तर पैसे भरण्यापूर्वी ते न्यायालयाच्या यादीसाठी किंवा परिषदेच्या नोंदणीसाठी चालेल का, हे लेखी विचारा. सर्वोच्च न्यायालयाची समिती आणि राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरण यांनी १ जुलै ते ३० सप्टेंबर २०२५ या काळात देशभर मध्यस्थीची विशेष मोहीम चालवली. अशा मोहिमांवर लक्ष ठेवा, कारण तालुका न्यायालयांपर्यंत मध्यस्थीचे काम त्यांतूनच पोहोचते.

त्यानंतर सहमध्यस्थ म्हणून बसा. प्रत्येक प्रकरणानंतर नावे न लिहिता स्वतःसाठी टिपण ठेवा: बोलणे कुठे अडले, कशाने सुटले, आपण कुठे घाईने तोडगा सुचवला. लहान वादांपासून सुरुवात करा. वाट, पाणी, भाडे, उसने पैसे. वाटणीची मोठी प्रकरणे नंतर आपोआप येतील.

मुळगावच्या, डिचोली-पेडण्याच्या मुलींना एक खास विनंती. वाटणीच्या आणि संसाराच्या तंट्यांत निम्मी बाजू स्त्रियांची असते, पण तोडगा काढायला बसलेली माणसे बहुधा पुरुषच असतात. तुम्ही प्रशिक्षण घेऊन त्या खुर्चीत बसलात, तर आजवर दाराआडून ऐकणाऱ्या अनेक बायका टेबलाजवळ येऊन बोलतील. हे काम तुमची वाट पाहते आहे. डिचोलीच्या विधी सेवा समितीत एकदा जाऊन चौकशी करा, आणि ती याच महिन्यात करा.